विमान डावीकडे पडतंय म्हणून मोटर बदलू नका

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर कळेल. मुलगा नववीत. ऑनलाइन मागवलेल्या सुट्या भागांतून त्याने वरच्या पंखाचं, एक मीटर पंखाचं फोमचं विमान जोडलं. कामोठ्यातल्या मैदानात तीनदा उडवलं. तिन्ही वेळा हातातून सुटलं की डावीकडे कललं आणि पाच-सात सेकंदांत नाकावर आपटलं. आता नाक गेलंय, फेव्हिक्विक लावलं तर भोक आणखी मोठं झालं आणि बॅटरीचा एक कोपरा चेपलाय. दुकानदार म्हणतो मोटर कमी पडतेय, १००० केव्हीची काढून २२०० केव्हीची लावा (केव्ही म्हणजे काय ते पुढे सांगतो). ती तुम्ही आणूनही ठेवलीत. लावायची का, की हा नाद इंजिनिअर लोकांचा म्हणून सोडून द्यायचा?

लावू नका आणि सोडूही नका. मी स्वतः वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलं, इंजिनिअर नाही. पहिलं विमान गणपतीच्या मखरातून उरलेल्या थर्माकोलचं केलं होतं. (मार्च २०१८ मध्ये राज्याने थर्माकोलवर बंदी आणली आणि आमचा तो फुकटचा माल आटला.)

सगळ्यात आधी ती चेपलेली बॅटरी. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल, हे आज करा. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या आत पातळ पापुद्र्यांची घडी असते. मार बसल्यावर ते पापुद्रे एकमेकांना कधी टेकतील याचा नेम नसतो. तासाभरानेही आग लागू शकते. ती घरातून काढा, बाल्कनीत फरशीवर किंवा मातीच्या रिकाम्या कुंडीत ठेवा, आजूबाजूला कपडे-कागद नकोत. चार्जिंगला अजिबात लावू नका. कोपरा दबलाय म्हणजे ती गेली असंच धरा. गाडीचा १२ व्होल्टचा बल्ब जोडून उघड्यावर, समोर बसून, पूर्ण रिकामी करायची आणि ई-कचऱ्यात द्यायची. हजार-दीड हजार गेल्याचं वाईट वाटेल, पण इथे काटकसर नको. नवी घ्याल ती तेवढीच, ३ सेल २२०० एमएएचची. चार्ज करताना चार्जरवर २.२ अँपिअर आणि बॅलन्स मोड, म्हणजे सगळे सेल सारखे भरतात. वापरून झाली की सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवायची. पूर्ण भरलेली आठवडाभर पडून राहिली की फुगायला लागते. आणि उशाशी, गादीवर चार्जिंग कधीच नाही.

आता विमान. मला ज्यांनी हे शिकवलं ते गृहस्थ विमान पडलं की तुकड्यांना हात लावू देत नसत. दहा मिनिटं नुसतं बघ म्हणायचे. नाक किती आत गेलंय, कुठला पंख आधी टेकलाय, बॅटरी कुठे उडालीय. तेव्हा राग यायचा. पण तुमच्या मुलाने न सांगता हेच केलंय: तिन्ही पडण्यांचं वेगवेगळं टिपण लिहिलंय. त्या टिपणामुळेच मी एवढं ठामपणे बोलू शकतोय, कारण त्यात स्पष्ट दिसतं की पहिलं पडणं आणि पुढची दोन यांचा रोग एक नाही.

पहिल्या वेळी, तो लिहितो, बॅटरी नाकात होती. पूर्ण थ्रॉटल देऊन, म्हणजे मोटर पूर्ण वेगात ठेवून, विमान वरच्या दिशेला जोरात फेकलं. ते डावीकडे झुकलं. घाबरून त्याने एलिव्हेटरची (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी पट्टी) रिमोटवरची स्टिक पूर्ण मागे ओढली. मग 'हवेत थांबल्यासारखं झालं' आणि डावा पंख खाली गेला.

लोकलच्या खिडकीत बसून हात बाहेर काढायची खोड आपल्या सगळ्यांनाच असते (काढू नये, पण काढलेला असतो). तळवा किंचित तिरका केला की हात आपोआप वर उचलला जातो. आणखी तिरका केला की आणखी वर. पण एका मर्यादेपुढे तळवा उभाच केला तर उचल संपते, हात फक्त मागे ढकलला जातो. पंखाचं तसंच. वेग पुरेसा नसताना नाक वर ओढलं की हवा पंखाच्या पाठीवरून सुटते आणि उचल एकदम जाते. याला स्टॉल म्हणतात. मोटर जोरात फिरत असते, प्रॉप (तिच्यावरचा पंखा) ओरडत असतो, तरी विमान दगडासारखं खाली येतं. म्हणून बघणाऱ्याला वाटतं ताकद कमी पडली.

मग डावीकडेच का? विमानाच्या मागे उभं राहून पाहिलं तर पुढचा प्रॉप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. तो उजवीकडे फिरतो म्हणून सगळं विमान डावीकडे फिरायला बघतं. ड्रिल मशीन अडकलं की मनगटाला जो उलटा हिसका बसतो, तोच हा. वेग घेतलेल्या विमानात पंख आणि शेपूट हा हिसका पचवतात. हातातून नुकतंच सुटलेल्या, रेंगाळणाऱ्या विमानात पचवायला हवाच नसते. त्यात पूर्ण थ्रॉटल म्हणजे हिसकाही पूर्ण. आता विचार करा, यावर जास्त ताकदीची मोटर लावली तर काय होईल.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गोष्ट वेगळी. नाकातली जागा दबली होती म्हणून त्याने बॅटरी मागे, पंखाखाली, रबरबँडने बांधली. साधारण सात सेंटिमीटर मागे, असं त्यानेच लिहिलंय. विमानाचं वजन ७०० ग्रॅम, बॅटरी १८० ग्रॅम. १८० गुणिले ७ भागिले ७०० म्हणजे १.८ सेंटिमीटर. एवढा विमानाचा गुरुत्वमध्य, आपण सीजी म्हणतो तो, मागे सरकला. ऐकायला दीड बोटाएवढा वाटतो. पण तुमच्या पंखाची रुंदी, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत, १८ सेंटिमीटर आहे. अशा विमानाचा सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तीस टक्क्यांवर हवा, म्हणजे साडेचार ते साडेपाच सेंटिमीटरच्या आत. समजा आधी तो पाचवर होता. तो गेला जवळजवळ सातवर. असं विमान स्टिकला हात न लावता स्वतःच नाक वर करतं, सावरायला जावं तर दुप्पट खाली जातं, परत वर. त्याने लिहिलंय 'मान हलवल्यासारखं करत होतं'. अगदी बरोबर शब्द. ही शेपूटजड विमानाची मान हलवणी, आणि ती माझ्याही हातून सावरली जाणार नाही.

तर मोटर. तुमची १००० केव्हीची मोटर १० बाय ४.५ च्या प्रॉपवर ३ सेल बॅटरीवर आठशे ग्रॅमच्या आसपास ओढते. विमान ७०० ग्रॅमचं. शिकाऊ विमानाला वजनाच्या निम्मी ओढ पुरते. तुमच्याकडे वजनापेक्षा जास्त आहे. केव्ही हा ताकदीचा आकडाच नाही, दर व्होल्टमागे मोटर मिनिटाला किती फेरे मारेल तो आकडा आहे. २२०० केव्हीची मोटर दुपटीपेक्षा वेगाने फिरते, म्हणून तिला सहा इंची लहान प्रॉप लागतो. हाच दहा इंची प्रॉप तिच्यावर चढवला तर करंट इतका ओढेल की ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) मैदानात जायच्या आधीच धूर सोडेल. दुकानदाराला मी दोष देत नाही, गिऱ्हाईक 'पडतंय' म्हणालं की 'मोठी लावा' हे उत्तर सोपं असतं. पण हे उत्तर चुकीचं.

मोटर आहे तीच ठेवून फक्त तिचं तोंड थोडं वळवा. मागून पाहताना किंचित उजवीकडे आणि किंचित खाली, दोन-अडीच अंश. त्यासाठी नवा माउंट नको. मोटरच्या माउंटला लाकडी भिंतीवर चार स्क्रू असतात. डावीकडच्या स्क्रूंखाली एक-एक वॉशर सारा, की मोटरची डावी बाजू पुढे येते आणि शाफ्ट उजवीकडे बघतो. वरच्या स्क्रूंखाली सारला की शाफ्ट खाली बघतो. स्क्रूंमधलं अंतर अडीच सेंटिमीटर असेल तर एक मिलिमीटरच्या वॉशरने सव्वादोन अंश मिळतात. वरच्या डाव्या स्क्रूखाली साहजिकच दोन वॉशर येतील. टूलरूममध्ये याला शिम देणं म्हणतात.

हे सगळं करताना प्रॉप काढून ठेवलेला असावा. ही एकच गोष्ट मी ओरडून सांगतो. माझ्या उजव्या तर्जनीवर सहा टाके आहेत. विमान टेबलावर होतं, शर्टाची बाही थ्रॉटलच्या स्टिकला लागली. बस. त्या दिवसापासून घरात प्रॉप लावलेल्या विमानाला बॅटरी जोडायची नाही. ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे हातातल्या रिमोटमध्ये, फेलसेफ लावून घ्या आणि प्रॉप नसतानाच तपासा: ट्रान्समीटर बंद केला की मोटर थांबलीच पाहिजे.

आणखी दोन गोष्टी बघायच्या, कारण डावीकडे जाण्याला तीही कारणं असू शकतात. पंख पाटावर सपाट ठेवा आणि मागून एका डोळ्याने बघा. फोमच्या शीटला पीळ लगेच बसतो, आपल्या दमट हवेत कपाटाच्या वर आडवातिडवा टाकलेला पंख तर हमखास. पीळ असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून उलटा पिळून गार होईपर्यंत धरायचा. आणि एलेरॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्टीची, दिशा. स्टिक उजवीकडे नेली की उजव्या पंखावरचा एलेरॉन वर गेला पाहिजे. हे उलटं जोडून पहिलं उड्डाण करणारे मी मोजले नाहीत, पण त्यात एकदा मीही होतो.

आता नाक. फेव्हिक्विक या फोमला खातं, ते तुम्ही पाहिलंतच. फोमची ती शीट आणि थर्माकोल दोन्ही पॉलिस्टायरीनच, साधं फेव्हिक्विक त्याला वितळवतं. चप्पल चिकटवायचं रबरी सोल्युशनही तसंच. वितळून काळा-कडक झालेला भाग ब्लेडने सरळ कापून टाका, जीव नको लावायला. फोम निरोगी दिसेपर्यंत कापा. त्या मापाचा तुकडा दुसऱ्या शीटमधून कापून बसवायचा. सांध्यात नारळाच्या खराट्याचे हीर आडवे टोचायचे, प्रत्येक बाजूला तीन-चार सेंटिमीटर आत जातील असे. हीर हलका, लवचिक आणि फुकट. बाजारात बार्बेक्यूच्या काड्या मिळतात, त्याही चालतात, पण जड. पतंगाच्या कामट्या तर उत्तमच. चिकटवायला पाच मिनिटांत सुकणारं दोन नळ्यांचं इपॉक्सी, तेही टाचणीच्या टोकाएवढं. फेव्हिकॉल बाहेरच्या पट्टीला ठीक, पण दोन फोमच्या मध्ये हवा लागत नाही म्हणून आठवडाभर ओलंच राहतं. ग्लूगन वापरणार असाल तर कमी तापमानाची, आणि हात आखडता. नाकात वीस ग्रॅम गोंद घातला की तोही सीजीच्या हिशेबात येतो. सुकल्यावर पारदर्शक टेपची एक फेरी. चार फेऱ्या मारल्या की नाक मजबूत झाल्यासारखं वाटतं, पण पुढच्या वेळी मार नाकाऐवजी पंखाच्या बुडाशी जातो आणि तिथलं तुटणं दुरुस्त करायला जड.

बॅटरी आता पुन्हा नाकात. वेल्क्रोची पट्टी लावा, म्हणजे पुढे-मागे सरकवता येईल. पंखाखाली पुढच्या कडेपासून साडेचार सेंटिमीटरवर दोन्हीकडे पेनने ठिपका द्या. दोन बोटांवर त्या ठिपक्यांवर विमान उचला. नाक किंचित खाली झुकून स्थिर राहिलं की झालं. मुलगा उतावीळ असेल तर 'जवळपास आहे' म्हणेल. जवळपास चालत नाही.

मग मैदानात लगेच मोटर नको. गुडघाभर गवत शोधा, प्रॉप काढा, आणि विमान सपाट, भाल्यासारखं सरळ पुढे सोडा. वर फेकायचं नाही. दहा-बारा मीटर सरळ तरंगत जाऊन गवतात बसलं तर सीजी आणि पंख दोन्ही जमले. नाक वर करून थबकलं आणि मग आपटलं तर बॅटरी पाच मिलिमीटर पुढे. सरळ खाली गेलं तर मागे. डावीकडे वळलं तर मोटर बंद आहे, म्हणजे पंखाचा पीळ. ही चाचणी पंधरा वेळा करा. कंटाळा येईल, पण रोग आणि औषध वेगळं करायचा याहून स्वस्त मार्ग मला ठाऊक नाही.

मोटर लावून सोडताना फेकणारा दुसरा हवा. तुम्हीच फेका. वाऱ्याच्या समोर, पंख सपाट, नाक क्षितिजावर, तीन पावलं चालत जाऊन सोडायचं. थ्रॉटल पाऊण. मुलाने दोन्ही हात स्टिकवर ठेवायचे आणि पहिले दोन सेकंद एलिव्हेटर ओढायचाच नाही. विमान वेग घेईल, मग स्वतः वर जायला लागेल. पुरेशी उंची आली की निम्म्या थ्रॉटलवर मोठे गोल. विमान त्याच्याकडे तोंड करून येऊ लागलं की उजवं-डावं उलटं होतं आणि सगळे गोंधळतात. तेव्हा एवढंच लक्षात ठेवायचं: जो पंख खाली झुकलाय त्याच्या बाजूला स्टिक न्यायची, खांबाला टेकू दिल्यासारखी. सिम्युलेटर (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सराव) घरी असेल तर हे तिथे आठ-दहा तास घोटून घ्या. तो ट्रान्समीटर केबलने कॉम्प्युटरला जोडता येतो. कंटाळवाणं आहे, पण फोम वाचतो.

आता जागेचं, आणि इथे माझं बोलणं तुम्हाला आवडणार नाही. कामोठ्यात यापुढे उडवू नका. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडायला लागली. २०२१ च्या ड्रोन नियमांत चालू विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटर रेड झोन, म्हणजे मनाईचा पट्टा, धरला जातो. आपलं खेळण्यातलं विमानही त्याच नियमांखाली येतं. पाच ते आठ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच परवानगी लागते. आठ ते बाराच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, त्यापुढे, जिथे दुसरी काही बंदी नाही तिथे, ४०० फुटांपर्यंत मोकळीक. कामोठे, खारघर, उलवे, बेलापूर, पनवेल ही आमची जुनी उडवायची ठिकाणं या हिशेबात गेली. उलव्याच्या मोकळ्या माळावर आम्ही वर्षानुवर्षं रविवार काढले. आता तिथे खरी विमानं उतरतात, तक्रार करायला तोंड नाही. जायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा बघा, आणि पोलिसांची मनाईची सूचना लागू आहे का तेही; सणासुदीला, मोठ्या कार्यक्रमांच्या वेळी अशा सूचना वारंवार निघतात आणि त्यात रिमोटवरच्या विमानांचं नाव असतं. दोन किलोच्या आतलं विमान हौसेने उडवायला पायलटचा परवाना लागत नाही, तेवढी सवलत आहे.

आम्ही आता मुरबाडच्या वाटेवर जातो, तुम्हाला कर्जतची बाजू सोयीची पडेल. भात कापून झालं की दिवाळीनंतर खाचरं मोकळी होतात. शेतकऱ्याला विचारून, बांधापासून लांब. उतरताना बांधाला चाक लागलं की चाकच काय, पोटही जातं. विजेच्या उच्च दाबाच्या तारा कुठल्या बाजूला आहेत ते आधी बघा आणि ती बाजू सूर्यासारखी टाळा. सकाळी सातला पोचा. शाळेत खारे वारे-मतलई वारे पाठ केलेले असतात, ते इथे कामाला येतात: हिवाळ्यात सकाळी वारा मंद असतो, दुपार होता होता समुद्राकडून वारा वाढतो आणि सातशे ग्रॅमचं विमान उलट्या दिशेने उडताना बघायची वेळ येते. दहापर्यंत आवरायचं. घारी आल्या तर लगेच उतरवा, त्या विमानाला हद्दीतला घुसखोर समजून पंजे मारतात. संक्रांतीच्या आठवड्यात वस्तीजवळ तर नकोच. मांजा मोटरच्या शाफ्टवर गुंडाळला की सुरीनेही सुटत नाही.

खर्चाचं म्हणाल तर बॅटरी नवी, चार वॉशर, इपॉक्सी आणि एक फोमची शीट, एवढंच. नव्या मोटरचं पाकीट फोडलं नसेल तर परत करा. फोडलं असेल तर सहा इंची प्रॉपसकट डब्यात ठेवून द्या. पुढे तो लहान पंखाचं, वेगवान काहीतरी बांधायला घेईलच, तेव्हा ती लागेल. ग्लाइडची चाचणी झाली की मला फक्त तीन आकडे कळवायला सांगा: दुरुस्तीनंतरचं वजन, सीजी कडेपासून किती, आणि मोटरशिवाय किती पावलं गेलं. टिपण त्यानेच लिहावं, पहिल्यासारखंच.